नवरदेवाचा सदरा

नार्नूरजवळच्या एका गावात रेणुकाबाईंच्या अंगणात लग्नाचा मांडव घातला होता आणि मागल्या दारी, न्हाणीजवळच्या दगडावर, त्यांची थोरली सून भाग्यलक्ष्मी पाहुण्यांचे सदरे धूत होती. तिचा नवरा देवानंद शेतात वीज पडून गेला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून घरातल्या सगळ्या पुरुषांचा घाम हिच्याच वाट्याला आला. बगलेत पिवळे पडलेले सदरे, कॉलरवर मळाची काळी रेघ, घामानं कडक झालेल्या आंबूस बनियनी. लिहिताना किळस येते, पण लिहायलाच हवं, कारण हे सारं धुताना तिचे हात कुणाला अशुभ वाटत नव्हते.

आता धाकट्या दिराचं, रविकांतचं, लग्न निघालं आणि तेच हात एकदम अशुभ झाले. विधवेनं मांडवात पाऊल टाकायचं नाही, हे रेणुकाबाईंनी आठ दिवस आधीच बजावून ठेवलं. परीक्षेच्या दिवसांत ज्याला पहाटे उठून भाकरी करून दिल्या, त्याच्या डोक्यावर चार अक्षता टाकाव्यात, एवढंच तिला हवं होतं.

डाग काढण्यात मात्र तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. खायच्या सोड्याचा लगदा लावायचा, वर लिंबू पिळायचं, अर्धा तास थांबून थंड पाण्यानं हलकेच चोळायचं आणि कडक उन्हात टाकायचं.

लग्नात घालायचा पांढरा सदरा नवरीकडून आला होता. रविकांतनं फोटो काढायला तो घालून भर एप्रिलात कुंटाल्याचा धबधबा गाठला. धबधब्याला धार नव्हती, याच्या अंगाला मात्र होती. सदरा तसाच पिशवीत आठ दिवस कुजला. नवरदेवाच्या कपड्याला विधवेचा हात नको म्हणून रेणुकाबाईंनी तो नेहाला, आपल्या लेकीला, धुवायला दिला. नेहानं त्यावर ब्लीच ओतलं. घामाचा डाग ब्लीचनं जात तर नाहीच, उलट चढतो. दोन्ही बगलांत तळहाताएवढे तपकिरी डाग उमटले.

लग्नाच्या सकाळी रेणुकाबाई पदराखाली सदरा लपवून मागल्या दारी आल्या.

"एवढं काढून दे पोरी. तुवा हात लागला हे कोनाले सांगू नको."

भाग्यलक्ष्मीनं सदरा हातात घेतला नाही.

"काढून देईन, आत्याबाई. पन मांडवात बसून, साऱ्याइच्या समोर. आन् लगन लागतानी मी तिथंच राहीन."

"लोक काय म्हनतीन?"

"चार वर्सं तुमच्या घरच्या बनियनी धुतल्या, तवा कोनी काई म्हनलं नाई."

रविकांत दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. शिकलेला मुलगा, आता तरी काही बोलेल असं तिला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "वैनी, आजच्या दिवशी काऊन हट्ट करून राह्यली?"

तिनं सोड्याचा डबा फळीवर ठेवून दिला.

रविकांत तोच सदरा घालून, दोन्ही हात अंगाला चिकटवून बोहल्यावर उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा भाग्यलक्ष्मीनं हात धुतले आणि ती पुढच्या दारानं मांडवात आली. ताटातल्या मूठभर अक्षता घेऊन पहिल्या रांगेत बसली. शेजारची बाई पदर आवरून उठली आणि मागं जाऊन बसली.

अक्षता पडल्या. तिनंही टाकल्या. हार घालायला रविकांतनं हात वर केले, सगळ्यांना डाग दिसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रेणुकाबाई मोठ्यानं म्हणाल्या, हिची सावली पडली म्हणून असं झालं. कुणीही त्यांना अडवलं नाही. मला त्या डागांची नाही, या गप्प बसण्याची शिसारी येते.

भाग्यलक्ष्मी उठली नाही. वरात निघेपर्यंत ती तिथंच बसून होती आणि तिच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच राहिली. मांडवात तीनशे माणसं होती. त्यांत तुम्ही आणि मी नव्हतो, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.