उलटं फिरणारं इंजिन

धाकटी नवऱ्याला सोडून दादाकडे आली, तेव्हा तिचं मनगट मोडलेलं होतं. नवरा पोलाद कारखान्यात मालडबे पुढे-मागे ढकलणारं शंटिंगचं इंजिन चालवायचा. घरी-बाहेर सगळे त्याला शंटरच म्हणत. मनगट जुळलं तशी ती दादाच्या गॅरेजात कामाला लागली. भाऊबहीण जुन्या छोट्या गाड्या दुरुस्त करायचे.

त्या दुपारी एक तीनचाकी तयार होत आली होती. पुढे दोन चाकं, मागे एक, एकामागे एक दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा, डोक्यावर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण आणि शेपटात स्कूटरचं इंजिन. गाडीला रिव्हर्स गिअर नव्हताच. मागे जायचं तर इंजिन बंद करून किल्ली आणखी आत दाबायची आणि पुन्हा चालू करायचं. मग इंजिनच उलटं फिरायचं.

धाकटी झाकण लावून आत बसली होती, इंजिन चालू होतं. दादा मागे वाकून आवाज ऐकत होता. आरशात तिला आधी सळई दिसली, मग दादा खाली पडताना दिसला. इंजिनाच्या फटफटाटात ना फटका ऐकू आला, ना किंकाळी. शंटर मारतच होता. खांद्यावर, तोंडावर, पुन्हा तोंडावर.

मग तो गाडीपाशी आला. सळईच्या एका घावात झाकणाला तडा गेला. धाकटीने इंजिन बंद केलं.

"उतर!"

"नाही."

"नाही? थांब, तुझ्या लाडक्या दादाचं डोकंच फोडतो."

दादा रक्त ओकत भिंतीकडे सरपटला होता. शंटरने सळई टाकली आणि मोठा हातोडा घ्यायला तो मागच्या टेबलाकडे वळला. गाडीकडे त्याची पाठ होती.

धाकटीने किल्ली आत दाबून इंजिन पुन्हा चालू केलं. पहिला गिअर टाकून तिने हँडलची मूठ पूर्ण पिळली. गाडी मागे उसळली आणि शेपूट त्याच्या गुडघ्यांवर आदळलं. टेबलाचा लोखंडी पाय आणि गाडी यांच्यामध्ये हाडं मोडली, तो आवाज मात्र तिला ऐकू आला. तो गुरासारखा ओरडत होता. मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं, रबराचा धूर निघत होता.

"बंद कर!" दादा ओरडला. "अगं, मरेल तो!"

तिने मूठ सोडली नाही. शेवटी इंजिनच आचके देत बंद पडलं.

संध्याकाळी इन्स्पेक्टर आले. दादाचा जबडा सुजून त्याला धड बोलता येत नव्हतं, तरी तो म्हणाला, "गाडी उताराने मागे आली, साहेब. हिला रिव्हर्सच नाही."

इन्स्पेक्टरनी वाकून गिअर पाहिला. रिव्हर्स खरंच नव्हता. ते मान डोलवू लागले.

"मी आणली मागे," धाकटी म्हणाली.

"गप बस!" दादा कळवळला. "साहेब, घाबरलीये ती, काहीही बोलतेय."

ती आत बसली आणि तिने गाडी वीतभर मागे घेऊन दाखवली.

"का सांगतेस, बाई?" इन्स्पेक्टरनी विचारलं. "सुटली असतीस."

"अपघात झाला असं ठरलं, तर बरा झाल्यावर तो पुन्हा येईल. मी मुद्दाम केलं, हे त्याला कळू दे."

शंटरचा एक पाय कापावा लागला. तो पुन्हा कधी आला नाही. धाकटीला शिक्षा झाली.

दादा तुरुंगात भेटीला आला तो फुरंगटूनच. जाळीपलीकडे बसला.

"तोंड फुटलेलं असताना तुझ्यासाठी खोटं बोललो," तो म्हणाला. "आणि तू मातीत घातलंस सगळं."

"माहितीये."

"मी 'बंद कर' ओरडलो, ते ऐकू आलं होतं तुला?"

"आलं होतं, दादा."

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वेळ संपल्याची हाळी आली, तरी तो उठला नाही. ती जाळीला हात लावून बसून राहिली.