लघिमानंद महाराजांचा काटा

बार्शीटाकळीच्या बाजाराच्या मैदानात त्या सकाळी शंभरेक माणसं रांगेत उभी होती आणि प्रत्येकाच्या कडेवर एकेक कोहळं होतं. लघिमानंद महाराज डोळ्यांदेखत तीन किलो वजन उतरवतात आणि उतरलेली चरबी कोहळ्यात जाते, ही बातमी पार पातूरपर्यंत पोचली होती.

मी प्रतीक्षा, आरोग्य केंद्रातली नर्स. असल्या ठिकाणी मी फिरकत नाही. पण रांगेत सीमा होती, म्हणून गेले.

सीमा भाजी पिकवते आणि बाजारात बसून विकते. तिला शुगर आहे. सहा महिने ती रोज पहाटे माझ्याबरोबर चालली आणि नऊ किलो घटली. मग भाच्याचं लग्न आलं. पंधरा दिवस आमरस, पुरणपोळ्या आणि आग्रह. चार किलो परत आले. तेव्हापासून तिनं चालणं सोडलं आणि मी दिसले की ती गल्ली बदलायची.

"काहून वं, फिराले येत नाहीस?" मी तिला गाठलंच.

"कोन्त्या तोंडानं येऊ ताई? सारं वाया गेलं. आता महाराजच पाहतीन. ते म्हणतात गोळ्याई बंद कर, गोळ्यायनंच अंग फुगते."

शुगरच्या गोळ्या बंद!

तेवढ्यात मंचावरून महाराज गरजले, "भक्तहो, देह म्हणजे माया! चरबी म्हणजे जास्तीची माया! चालून पाय झिजतात, माया झिजत नाही!" त्यांची स्वतःची माया दोन खुर्च्यांत मावत नव्हती, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

विधी असा. भक्तानं इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढायचं, शिष्य गजेंद्रनं वजन ओरडून सांगायचं. मग भक्तानं खाली उतरून, डोळे मिटून सात वेळा 'हलकं, हलकं' म्हणायचं. तोवर काटा पवित्र करायला त्यावर महाराजांच्या दगडी पादुका ठेवायच्या आणि उचलायच्या. या सगळ्या वेळात गजेंद्र आकड्यांसमोर झेंडूचा हार धरून उभा. भक्त पुन्हा चढला की हार बाजूला, आणि वजन तीन किलोनं कमी!

उत्तमराव पैलवान एकशे दहाचे एकशे सात झाले. सीमाची सासू पार्वताबाई मुळात पस्तीस किलोची. लोकांनी हौसेनं तिलाही चढवली, ती बत्तीसवर आली.

"उतरवा मले!" म्हातारी ओरडली. "आणखी दहा डाव मंत्र म्हटला तं मी उरतच नाही!"

मला शंका आली. पैलवानाचे तीन आणि म्हातारीचेही तीनच? पण सीमाला सांगेपर्यंत तिचा नंबर लागला होता.

शहात्तर. हलकं, हलकं. त्र्याहत्तर!

सीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली उतरली. गजेंद्र म्हणाला, "आता कोहळं इकडे द्या." पण जन्मभर भाजी तोलणारी बाई माल न तोलता कशी देईल? "चार किलोचं आणलं होतं, आता सातचं झालं असीन," असं म्हणत तिनं कोहळं काट्यावर ठेवूनही टाकलं. गजेंद्रचा हात काटा शून्यावर आणणाऱ्या बटणापर्यंत पोचलाच नाही.

आकडा आला, एक किलो.

"महाराज, हे काहून बारीक झालं? यानं तं मंत्रई नाही म्हटला!"

"कोहळ्यावरही कृपा झाली, बाई."

"मंग माही चरबी गेली कुठी?"

तिनं कोहळं उचललं. रिकाम्या काट्यावर आकडा झळकला, उणे तीन.

"ते... ते तुझं पुण्य आहे!" महाराज म्हणाले.

"उणे पुण्य?" पार्वताबाईनं विचारलं आणि मैदान हसून लोटपोट झालं.

सीमानं बटण दाबून काटा शून्यावर आणला आणि पादुका त्यावर ठेवल्या. तीन किलो. पुन्हा बटण दाबलं. शून्य. पादुका उचलल्या. उणे तीन. "पाहा, आता पैलवान चढो का म्हातारी, तीन कमीच दिसतीन! बाजारात गिऱ्हाईक रोज मले म्हणते, आधी रिकामा काटा दाखव. अन् इथं महाराज म्हटल्यावर मीच इसरली!"

पाय झिजू नयेत म्हणून जपणारे महाराज मंचाच्या मागून उतरले आणि चांगले जोरात पळाले.

लोक हसत होते, सीमा मात्र मंचाच्या कडेला बसून राहिली. "म्हणजे मी शहात्तरच."

मला तिचं फार वाईट वाटलं. "फिराले निघाली तवा एक्क्याऐंशी होतीस. चार परत आले, पाच आलेच नाहीत ना? क्यारेटातले चार टमाटे सडले तं अख्खं क्यारेट फेकतेस काय?"

"फेकीन कायले? सडके काढून टाकते, बाकीचे इकते."

लोकहो, वाढलेलं वजन म्हणजे पाप नव्हे, ते फेडायला महाराज लागत नाहीत. घसरलात तर जिथं आहात तिथून पुन्हा चाला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि कोणी क्षणात चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याचं यंत्र तपासून पाहा.

दुसऱ्या दिवशी पहाटे सीमा गोळी घेऊन, नाश्ता करून माझ्या दारात उभी होती. पाण्याच्या टाकीपर्यंत जाईस्तोवर तिला धाप लागली. तिनं मला दोन शिव्या घातल्या आणि चालत राहिली.