चार नंबरला लाकडं कशाला?

“मावशी, डॉक्टर लाकडांचं काहीतरी बोलले ना?”

अतिदक्षता विभागाची फरशी पुसून मावशी बाहेर आल्या, तोच चार नंबरच्या पेशंटच्या बायकोनं त्यांचा हात धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“‘वुड्स’ म्हणाले. दारातून ऐकलं मी. गोष्ट लाकडांपर्यंत आली म्हणजे संपलंच की हो!”

तेव्हापासून ती आत जायला तयार नव्हती. नवऱ्याला तसं बघवायचं नाही म्हणाली.

डॉक्टरांचं ते वाक्य मावशींच्याही कानावर पडलं होतं. बावीस वर्षं खाटांखालून फडकं फिरवताना ऐकलेला एखादा इंग्रजी शब्द घरी न्यायचा आणि दिवसभर घोळवत बसायचा, ही त्यांची जुनी खोड. पण दवाखान्यात लाकूड? त्यांना चैन पडेना. डॉक्टरांना “जपून, ओलं आहे” यापलीकडे त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. आज मात्र त्यांनी जिन्यातच वाट अडवली.

“साहेब, चार नंबरला लाकडं कशाला लागतात?”

डॉक्टर गोंधळले, मग हसले. “अहो, ‘नॉट आउट ऑफ द वुड्स’ म्हणालो मी. वुड्स म्हणजे रान. माणूस रानात वाट चुकलाय, अजून बाहेर पडला नाही. म्हणजे धोका टळलेला नाही.”

“म्हणजे चालतोय अजून?”

डॉक्टरांचं हसू मावळलं. “हो. चालतोय.”

“मग तेवढं तिला सांगा की. ती बिचारी बाहेर बसून रडतीय, जिवंत माणसासाठी.”

डॉक्टर मागे फिरले आणि बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसले.

त्या दुपारपासून ती नवऱ्याचा हात धरून बसू लागली. नळ गळतोय, शेजारीण पुन्हा भांडली, तुमचा चष्मा सापडला, असं काहीबाही सांगत राहायची.

पाचव्या दिवशी तो गेला.

निघताना ती मावशींपाशी थांबली. “नाहीच सापडली वाट,” ती म्हणाली. “पण परवा त्यांनी बोट दाबलं माझं. दोनदा.”

मावशींनी खाट धुऊन पुसली. संध्याकाळी त्या खाटेवर एक म्हातारी पेशंट आली. तिचा मुलगा दाराशी उभा होता. डॉक्टर सहकाऱ्याशी इंग्रजीत बोलू लागले आणि मध्येच थांबले. मुलाला जवळ बोलावून साध्या शब्दांत सांगू लागले.

आवाज होऊ नये म्हणून बादलीची कडी घट्ट धरून मावशी हळूच बाहेर पडल्या.