नेलपॉलिशचा ठिपका

लेकीची भांडी सासरी परत जाताना आरशासारखी जायला हवीत, एवढं लंकाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. लोकांना नावं ठेवायला जागा नको!

लग्नानंतर रेश्माच्या कोपरावर कोडाचा पांढरा डाग उमटला. सासरच्यांनी तिला रुखवताच्या भांड्यांसकट पुणतांब्याला आणून सोडलं. मग लंकाबाईचा धाकटा भाऊ भिमाजी संगमनेरला जाऊन त्यांच्या हातापाया पडून आला. नवरा गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चालायचा. आज तो टेम्पो घेऊन रेश्माला पोचवायला येणार होता. रेश्मा नको म्हणत होती, पण का ते विचारलं की मुकाट खाली बघायची. आता न बोलणाऱ्या माणसाचं ऐकायचं तरी कसं?

"अगं बया, ह्या पातेल्याचा कागद बी निघाला न्हाई अजून! अन् ह्या डब्याचा! येवढं सामान दिलं, ते काय माळ्यावर सडवायला?"

लंकाबाईची बडबड चालूच होती. गरम पाणी ओतून कागद सोलायचा, चिकटा गोडेतेलानं चोळायचा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबानं काढायचे. "ती तारेची घासनी ठेव खाली! वरखडे पडत्यात स्टीलला."

पोत्याच्या तळाशी एक ताट, एक वाटी आणि एक तांब्या निघाला. एवढीच काय ती वापरलेली भांडी, पार मळकी झालेली. तिन्हींच्या काठावर तांबडा ठिपका. लंकाबाईनं लिंबू चोळलं, राख चोळली, शेवटी नखानं खरवडलं.

"कसला मेला रंग हा?"

"नेलपॉलिश हाय. सासूबाईंनी लावलं. वळखायला."

"वळखायला? शेजारनी चोरून नेत हुत्या का काय?"

"बाकीच्यात मिसळू नये म्हनून. मी पडवीत बसून त्यातच जेवायची. दुसऱ्या भांड्याला हात लावायचा न्हाई, असं हुतं."

लंकाबाईनं ताट बाजूला सारलं. हीच पोर तिथं परत पाठवायला आपण सकाळपासून भांडी घासतोय!

"मुडदा बशिवला त्यांचा! अगं, मग बोलली का न्हाईस?"

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि भिमाजी घाईघाईनं आत आला.

"आटप अक्का, भर पोती. वाट बघत्यात ते."

"टेम्पो माघारी ने. पोर जायाची न्हाई."

"अगं, शब्द देऊन आलोय मी!"

"तुझा शब्द ठेव तुझ्याजवळ! माझी लेक काय कुत्रं हाय व्हय, येगळ्या ताटलीत खायाला? कोड शिवून होत न्हाई, डॉक्टरनं तुझ्यादेखत सांगितलं हुतं."

भिमाजी बराच वेळ तणतणला, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणाला, आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. लंकाबाईला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. तिनं पदराला हात पुसले.

"झालं! आता कुटं जायाचं न्हाई तुला. आईचं घर हाय तुझं."

रेश्मा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होती. तिथं कट्ट्यावर एकच पेला पालथा होता. बाकीचे सगळे मांडणीत.

"आई, त्यांना ठिपका तरी लावायला लागला. मी आल्यापासनं तू माझा पेला तिथं ठेवतीस. तुला ठिपका बी लागला न्हाई."

"अगं ते… तसं काय न्हाई गं! येडी का काय तू?"

लंकाबाई ताडकन उठली, तोच पेला घेतला, माठात बुडवून भरला. बघ, तुझ्यासमोर पिते! तिनं पेला वर केला आणि घटाघटा पाणी प्याली.

पण ओठ काही लागले नाहीत. पाणी तिनं वरूनच तोंडात ओतलं होतं. तिचं तिलाही ते पिऊन झाल्यावर कळलं.

रेश्मानं तिच्या हातातून पेला घेतला, विसळला आणि खिडकीत पालथा ठेवला.