दगडावरून न गेलेलं गाव

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. हसू नका! ‘दगड आहेस नुसता’ असं तुम्ही एकमेकांना चिडवता, ते मला ठाऊक आहे. पण मी रस्त्यातला नाही, छापखान्यातला आहे. माझ्या गुळगुळीत पाठीवर तेलकट शाईने नकाशा काढतात, तोही उलटा, आरशात दिसतो तसा. मग कागद ठेवून मला यंत्रात दाबतात. काम संपलं की वाळू आणि पाणी घालून मला घासतात आणि पुढचा नकाशा येतो. खाणीतून आलो तेव्हा मी चांगला वीतभर जाड होतो.

माझा पहिला नकाशा एका अफाट साम्राज्याचा होता. छापखाना चालवणाऱ्या आजोबांनी तो काढला. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत एकच रंग! अधिकारी माझ्यावर थाप मारून म्हणाला, “आजोबा, हा दगड झिजेल, पण ही सीमा हलायची नाही.” माझीसुद्धा छाती फुगली. आजोबांचे दात पडायच्या आत ते साम्राज्य कोसळलं. दुसरं आलं. तेही कायमचंच होतं म्हणे! आजोबांचा मुलगा, म्हणजे आमचे मास्तर, यांनी तेही घासून टाकलं.

आजोबांनी दोन नियम घालून दिले होते. शाई दिसेनाशी झाली तरी आणखी शंभर फेरे घासायचे, कारण तेल माझ्या पोटात खोल मुरतं आणि जुनी रेघ पुन्हा वर येते. दुसरा नियम असा, की छापून होईपर्यंत नकाशाबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही.

मग तिसरं साम्राज्य आलं. त्यांचा अधिकारी एक कागद घेऊन आला. त्यावर सीमेची रेघ नदीपलीकडे सरकली होती. मला घासण्याचं काम मास्तरांची लेक करायची. तिने कागद पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाबा, आत्याचं गाव आत घेतलंय!”

ही आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. दर आठवड्याला ती नावेने नदी ओलांडून यायची, माझ्या कडेला टेकून बसायची आणि भावाला दटावायची, “दादा, नखं बघ तुझी, शाईची दौत बरी!” मला ती फार आवडायची.

“निरोप तरी धाडू तिला,” लेक म्हणाली.

“छापून होऊ दे. नियम म्हणजे नियम,” मास्तर म्हणाले. “आणि सैन्य निघालंय असं कुठे लिहिलंय यात?”

आठ दिवस छपाई चालली. नवव्या दिवशी सैन्य नदीपार गेलं. छापखान्याच्या खिडकीतून धूर दिसत होता. आत्या पुन्हा आली नाही.

महिन्याने तोच अधिकारी आला. “ते गाव आता उरलेलं नाही. नकाशावर नावही नको.”

त्या दिवशी मास्तरांनी वाळू स्वतः हातात घेतली. शाई गेली. लेक फेरे मोजत होती. दहाव्या फेऱ्याला मास्तर थांबले.

“बाबा, शंभर व्हायचेत.”

“आज हात दुखतोय माझा,” मास्तर म्हणाले. त्यांचा हात दुखत नव्हता. मला घासणाऱ्याचा हात मला कळतो.

मग गाव गाळलेला नवा नकाशा माझ्यावर काढला. पहिले चाळीस कागद स्वच्छ निघाले. अधिकारी ते पाहून खूश होऊन गेला. पुढे मात्र नदीपलीकडे पुसट अक्षरं वर येऊ लागली. आत्याचं गाव! तसेच नकाशे सगळ्या कचेऱ्यांत गेले. तीन आठवड्यांनी शिपाई आले आणि मास्तरांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत. मला इतकं घासायला लावलं की मी जेमतेम दोन बोटं उरलो. खालून मला तडा गेला आहे.

आता ते साम्राज्यही गेलं. आज सकाळी चौथ्याचा अधिकारी आला. नवे बूट, नवा कागद. “आठ दिवसांत छापून हवा,” म्हणाला. रेघ आता नदीच्या अलीकडे आली आहे. ती बाजारातून जाते आणि आमच्याच गल्लीच्या मधून.

लेकीने कागद माझ्यावर पसरला. त्या रेघेवरून तिने बोट फिरवलं. मग तिने हात धुतले, पदर खोचला आणि ती बाहेर पडली. समोरचं दार वाजलं, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. “काकू, मुलांना घ्या आणि निघा. आत्ताच.” गल्लीभर तिचा आवाज ऐकू येत होता. आजोबांचा नियम तिने भर दिवसा मोडला.

पुन्हा यंत्रात गेलो तर माझे दोन तुकडे होणार. होऊ देत. पण मित्रांनो, नकाशावरची रेघ सरकलेली ज्याला आधी दिसते, त्याने गप्प बसू नये. मी दगड आहे, मला बोलता आलं नाही. तुम्हाला येतं. शाई वाळायची वाट पाहू नका.