बेस्तरवारचा उपास

मला स्वयंपाक येतो. हे आधीच सांगते, कारण नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा त्याच्या माणसांनी गावभर उलटं सांगितलं. येतो, पण आवडत नाही. नऊ वर्षांची झाले तेव्हापासून आळे गावात, माहेरच्या घरात सात माणसांच्या भाकरी मीच थापल्या. आई उजाडायच्या आत रानात जायची, दुपारी आली की तिला ताट तयार लागायचं. पुढं लग्न झालं, तिकडं नऊ माणसं. इतका धूर गिळलाय की आता साधा गॅस पेटवायचा म्हटलं तरी जिवावर येतं.

आठ वर्षं झाली, मी नारायणगावला एसटीत कंडक्टर आहे. एक खोली, एक कॉट आणि चहाची विजेची किटली एवढाच संसार. सकाळी मिसळ, दुपारी वडापाव, संध्याकाळी स्टँडवर जे गरम दिसेल ते. उंची पाच फूट एक इंच, वजन एकोणऐंशी किलो. कुणाच्या बापाचं खात होते? सुखात होते मी.

मग भरत पिवळा पडला.

भरत माझा धाकटा भाऊ. आळ्याला आईजवळ राहतो, शेती बघतो. आयुष्यात दारूला शिवला नाही, तरी लिव्हर गेलं म्हटल्यावर लोक पहिलं तेच विचारायचे. जुनी कावीळ अंगात राहून गेली होती, कुणाला पत्ताच नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणीतरी लिव्हरचा तुकडा द्यायला हवा, हे वर्ष संपायच्या आत. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. आईचं वय झालेलं. राहिले मी. माझा गट जुळला आणि आईनं तिथंच बाकड्यावर हात जोडले. माझ्याकडं बघून नव्हे, वर छताकडं बघून.

पण माझ्याच लिव्हरवर चरबी निघाली.

"आरतीताई, दहा किलो कमी करा," डॉक्टर म्हणाले, "आणि ताकद राखून करा. चरबी जाऊ दे, स्नायू जाता कामा नयेत. नाहीतर ऑपरेशननंतर तुम्हीच उठायच्या नाहीत."

तीन महिन्यांची मुदत दिली. मग आहाराच्या मॅडमनी एक कागद हातात ठेवला. मूग, मटकी, अंडी, दही, पनीर, कधी चिकन. तळलेलं बंद, गोड बंद. आठवड्यातून तीन वेळा वजन उचलायचं. सगळं घरी केलेलं, कमी तेलातलं. मी कागद वाचला आणि मनात म्हटलं, बाई गं, हे शिजवणार कोण? सकाळी सहाला ड्यूटी, संध्याकाळी पाय सुजलेले, आणि मी काय मटकीला मोड आणत बसू?

आता माझी अक्कल बघा. श्रावण तोंडावर आलेला. मी म्हटलं, आपल्यात वजन उतरवायची सोय आधीपासनंच आहे की. न शिजवणं हीच सोय. सोमवार धरला, बेस्तरवार धरला, शनिवार धरला. चतुर्थी, एकादशी आल्या तशा धरल्या. साबुदाणाही नको, तोही कुणीतरी भिजवायला लागतो. नुसता चहा आणि एखादं केळं. भांडं घासायचं नाही की काही नाही. नवरात्रात तर नऊ दिवस चहापाण्यावर काढले, आणि उभ्यानं तिकिटं फाडली.

आई कधी नव्हे ती माझ्यावर खूश झाली. "माझी आरती भावासाठी उपास धरती," असं आळेफाट्यापर्यंत सांगत सुटली. तिनंही माझ्याबरोबर सोमवार धरला. रोज फोन करायची. आठ वर्षांत कधी एवढे फोन आले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायचं. उपाशीपोटी चक्कर यायची, तरी बरं वाटायचं.

वजन उतरलं. अडुसष्ट. सांगितल्यापेक्षा एक किलो जास्तच. दसरा झाल्यावर मी पुण्याला गेले ती विजेत्यासारखी. तिथं एका मशीनवर उभं केलं, मुठीत एक दांडा देऊन जोरात दाबायला सांगितला. दाबला. मॅडमनी आकडा बघितला आणि म्हणाल्या, "पुन्हा दाबा." पुन्हा दाबला. मग खुर्चीवरनं हात न टेकता उठायला सांगितलं. पाच वेळा. चौथ्या वेळी मी उठलेच नाही.

"काय खात होता तुम्ही?"

मी सांगितलं. त्या बिचाऱ्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. "अहो ताई, उपाशी राहिलात तशी शरीरानं चरबीबरोबर मांसही खाल्लं. लिव्हरवरची चरबी तर थोडीच हटलीय. अशा अंगावर आम्ही सुरी चालवू शकत नाही."

भरत शेजारी बसला होता. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं, हाताच्या काड्या. म्हणाला, "आक्का, जाऊ दे गं. लई दमलीस तू." तो मला हसून बोलला याचाच मला जास्त राग आला. त्याच्यावर नाही, माझ्यावर. ज्या माणसाचा जीव माझ्या पोटावर टांगलाय, त्याच्यासाठी मला दोन मुठी मूग शिजवणं झालं नव्हतं.

डॉक्टरांनी सहा आठवडे दिले. "यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी भिंतीला चिकटवला. प्रेमबिम काही नाही हो, स्वयंपाकावर मला अजूनही प्रेम नाही. नुसतं ओढलं. किटलीत अंडी उकडली. हसा, पण चार अंडी मावतात आणि धूर होत नाही. रविवारी एकदा कुकर लावायचा, त्यात हरभरे नाहीतर मूग, ते तीन दिवस पुरवायचे. मटकी ओल्या फडक्यात बांधून खिडकीत टांगायची, मोड तिचे तीच आणते. डेअरीतलं दही, पन्नालालशेठच्या दुकानातले फुटाणे. शेठनी एक दिवस विचारलं, "कंडक्टरबाई, घोडं पाळलंय का?" मी म्हटलं, "हो, मीच ते."

वजन उचलायला जिम कुठली? पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन भरायचे आणि दोन जिने चढायचे. मग खुर्चीवरनं ऊठबस, वीस वेळा. ड्यूटीवरनं आल्यावर गुडघे म्हणायचे, बाई, सोड आम्हाला. कितीदा तरी कॅन जिन्यातच ठेवून पायरीवर बसून राहिले. रडले नाही, रडायलाही ताकद लागते. बसायचे, मग पुन्हा उचलायचे.

तिसऱ्या आठवड्यात आईनं मला पकडलं.

बेस्तरवार होता. ती भरतची औषधं न्यायला नारायणगावला आलेली. मी स्टँडच्या बाकावर डबा उघडून बसलेली, हातात सोललेलं अंडं. मान वर केली तर समोर आई.

"बेस्तरवारी? अंडं?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"धरलेला उपास मोडलास? आन् त्याला काय झालं म्हंजी?" तिचा आवाज चढला तशी माणसं बघायला लागली. "न्हाई जमत व्हतं तर धरायचा न्हाई! तुला भावाचं वाटोळं करायचंय का गं?"

मी सहा तास उभी होते. गर्दीत दोघांशी भांडण झालेलं. डोकं फिरलं माझं. "नऊ वर्षांची होते तेव्हापासून तुमची ताटं वाढतेय मी," म्हटलं, "तेव्हा मी जेवले का कुणी विचारलं नाही. आता माझ्या ताटात कशाला बघतेस? तुला तुझा लेक पाहिजे ना? मग मला खाऊ दे. तो तुकडा हे खाऊनच निघणार आहे!"

आईनं पदर सावरला, औषधांची पिशवी उचलली आणि आळेफाट्याच्या गाडीत जाऊन बसली. माझ्या गाडीचे ड्रायव्हर गेणभाऊ लांबनं म्हणाले, "बाई, म्हातारीला एवढं नव्हतं बोलायचं." मी म्हटलं, "गेणभाऊ, तुम्ही गाडी बघा." अंडं मात्र खाल्लं.

त्यानंतर आईचा फोन नाही. मीही केला नाही. भरतकडनं खुशाली कळायची. तो एकदा म्हणाला, आई हल्ली लई चिडचिड करती, जेवायला बसत न्हाई आमच्यासंगं. मी म्हटलं, माझ्यावरचा राग असेल, निघेल.

सहा आठवडे भरले. पुन्हा पुणं. भरत, त्याची बायको, आई, सगळे आले. आई माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. तोंड सुकलेलं दिसलं, पण मला तिकडं बघायचंच नव्हतं. आत तोच दांडा, तीच खुर्ची. दाबला. उठले. पाच वेळा उठले, सहाव्यांदा मीच हौसेनं उठले. दोन दिवस तपासण्या चालल्या, मी रोज नारायणगावहून ये-जा करायची. पोटाचे फोटो झाले, रक्त किती काढलं ते विचारू नका. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "चरबी गेली. स्नायू भरलेत. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन करू."

भरतनं माझा हात धरला.

आणि मागं धप्प असा आवाज झाला. आई खाली पडलेली.

नर्सनी उचलून कॉटवर घेतलं, सुई टोचून साखर बघितली. "आजी किती दिवस जेवल्या नाहीत?" त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कुणीच मोजले नव्हते. साखरेचं पाणी पाजल्यावर आईनं डोळे उघडले. मी डबा काढला. मुगाची उसळ होती, मीच केलेली, आणि दही. चमचा पुढं केला तर तिनं मान फिरवली.

"आज बेस्तरवार हाय."

"तू कुठं बेस्तरवार धरतेस? तुझा सोमवार ना?"

"सोमवार माझा. बेस्तरवार तुझा."

"म्हणजे?"

"तू सोडलास ना. मग तो कुणी धराया नको? बेस्तरवार, शनवार, चतुर्थ्या, एकादशी. तुझे सगळे मी धरले." तिचा आवाज पार खोल गेलेला. "चहाबी न्हाई घेत त्या दिवशी."

माझं डोकं पुन्हा तापलं. सहासष्ट वर्षांची बाई! "वेडी आहेस का तू? त्याच्यासाठी सोमवार धरतेस तेवढा बास नव्हता? माझे सोडलेले उपासही त्याच्यासाठी धरायला हवे होते?"

"त्याच्यासाठी न्हाईत," आई म्हणाली. "सोमवार त्याच्यासाठी. तुझे तुझ्यासाठीच धरले. तुझं पोट फाडणार हायेत ते. तुझ्यासाठी कोन बसलंय उपाशी?"

भरतची बायको भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. उसळीचं पाणी चादरीवर सांडलं. इतके आठवडे जे जिन्यात आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. नाक पुसायला रुमालसुद्धा सापडेना.

मग पदरानंच पुसलं आणि म्हटलं, "उपास कुणाचा म्हणालीस?"

"तुझा."

"माझा ना? मग तो धरायचा का सोडायचा हे मी ठरवणार. मी सोडला. देवानं विचारलं तर माझं नाव सांग. आ कर."

तिनं माझ्याकडं बघितलं. छताकडं नाही, माझ्याकडं. मग लहान पोरासारखा आ केला. मी भरवत गेले, ती खात गेली. मध्येच म्हणाली, मीठ कमी हाय. म्हटलं, असू दे, डॉक्टरांनीच कमी सांगितलंय. वाटी रिकामी झाली. आयुष्यभर मी माणसांना वाढलं, पण कुणी आणखी मागू नये म्हणून मनातल्या मनात धावा करत वाढलं. त्या दिवशी मात्र मी डब्याचा तळ खरवडला आणि आपणहून विचारलं, "आणखी वाढू का?"