नळावरची बाई

मावशींचा उजवा हात कपाळापाशी पोहोचला आणि नातवाने टाळी वाजवून तालीम थांबवली.

"मावशी, एक विचारू?"

हात तसाच वर धरून मावशींनी मान हलवली.

"तो हात तिकडे का जातो?"

"कुठे?"

"कपाळाकडे. मनगटाची मागची बाजू घासता तुम्ही. केस तर घट्ट बांधलेले आहेत. घामही नाही. मग पुसता काय?"

मावशींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. कोणीतरी तो आत्ताच आणून त्यांच्या खांद्याला जोडावा तसा तो हवेत लोंबत होता.

"असाच जातो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो खाली घेतला.

विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्यांनी हे तियात्र, म्हणजे गोव्याकडचं गाण्यांचं नाटक, लिहिलं त्यांचा हा नातू, म्हणून कंपनीत सगळे त्याला नातूच म्हणत. तो बाहेर शिकून आला होता, आणि रंगमंचावरच्या प्रत्येक हालचालीला कारण असावं असं त्याला तिथे शिकवलं होतं. आजोबांचं सात पडद्यांचं तियात्र त्याने पुन्हा उभं करायला घेतलं होतं. सात पडदे म्हणजे सात अंक, आणि मध्ये मध्ये बंद पडद्यापुढे उभं राहून म्हणायची गाणी. त्या गाण्यांचा कथेशी सुतराम संबंध नसतो. कथेत आई मुलासाठी टाहो फोडते, पडदा पडतो, आणि दोघे गडी पुढे येऊन रस्त्यातल्या खड्ड्यांवर गाऊन जातात. खाली ट्रम्पेट वाजतं, ढोल वाजतो, आणि लोक डोळे पुसता पुसता हसू लागतात. मागे सेट बदलतानाची ठोकाठोक ऐकू जाऊ नये म्हणून पूर्वी कोणीतरी गाऊन वेळ मारून नेली असेल, ती गाणी लोकांनी डोक्यावर घेतली, असं पुटपुटे काका सांगत. पुटपुटे काका म्हणजे विंगेत वही घेऊन बसणारे, विसरलेली वाक्यं पुरवणारे.

या नातवाला मात्र गाणीसुद्धा कथेला धरून हवी होती. त्यावरून ट्रम्पेटवाला आधीच त्याच्याशी नीट बोलत नव्हता.

"ठीक आहे, पुन्हा घेऊ," नातू म्हणाला.

चौथ्या पडद्यात मावशी लोकांचे कपडे धुणारी आई असत. बारा वर्षांनी मुलगा परत येतो आणि ओळख दाखवत नाही. ती उभी राहते, मनगट कपाळावरून फिरवते आणि विचारते, "कोण हवंय आपल्याला?" एवढंच. त्रेचाळीस वर्षं मावशी हे करत आल्या होत्या, आणि दर वेळी त्या जागी अख्खं सभागृह गप्प होत असे.

या वेळी हात उठलाच नाही. त्यांनी तो उठवला तर फार वर गेला. पुन्हा केलं तर आधी वाक्य निघून गेलं आणि हात मागून आला, उशिरा पोहोचलेल्या पाहुण्यासारखा. पाचव्यांदा त्यांनी डावा हात उचलला. मुलाचं काम करणारा नट हसू दाबत पाठमोरा झाला.

"तो हात काढूनच टाकू या," नातू समजुतीच्या सुरात म्हणाला. "उगाच गोंधळ नको."

पण हात काढून टाकल्यावर वाक्यही येईना.

घरी पोहोचेपर्यंत मावशींच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आमटी ढवळताना डावा हात कुठे ठेवतात? दार उघडताना? त्या स्वतःवरच पाळत ठेवू लागल्या. सुनेने दोन वेळा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं,

"आई, हाताला काही झालंय का?"

"मी असं करते का गं कधी?" मावशींनी मनगट कपाळाला लावून दाखवलं.

"रोज करता. भांडी घासताना. मला वाटायचं, तुमच्या आईची सवय असेल."

"मला कुठली आई," मावशी म्हणाल्या. ते खरंच होतं. त्या अडीच वर्षांच्या असताना आई गेली. आत्याने त्यांना वाढवलं. घरात आईचा फोटो नव्हता, आणि वडील तो विषय निघाला की चपला घालून बाहेर पडत.

दुसऱ्या दिवशी पुटपुटे काकांनी जुनी वही काढली. चौथ्या पडद्याच्या त्या वाक्यापाशी समासात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: *हात, शिंप्याचा*.

"हे थोरल्या साहेबांचं अक्षर, नातवाच्या आजोबांचं," काका चष्मा वर करून म्हणाले. "तुम्ही यायच्या आधीचं."

मावशींना तेही ठाऊक होतं, फक्त इतक्या वर्षांत कधी त्यांनी ते शब्दांत आणलं नव्हतं. त्यांच्या आधी आईचं ते काम आळीतला एक शिंपी करत असे. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत, आणि शिंपी झगा घालून पडद्याबाहेर आला की पुढच्या रांगेतल्या बायका आपापला पेहराव सारखा करत. दहा वर्षांच्या असल्यापासून मावशी बाजूच्या दारातून त्याला बघत आल्या होत्या. बाई कशी बसते, कशी रुसते, कशी वळते, हे त्यांनी त्या पुरुषाकडून उचललं. मग काळ बदलला, कंपनीने ठरवलं की बाईचं काम बाईनेच करायचं, आणि एकोणीस वर्षांच्या मावशी आल्या. त्यांना झगे हवे होते, म्हणून शिंप्याला त्याचेच झगे उसवून लहान करायला सांगितलं. त्याने एक अक्षर न बोलता माप घेतलं, टाचण्या लावल्या आणि त्यानंतर कंपनीत पाऊल टाकलं नाही. त्या दिवसापासून मावशी त्याच्या दुकानाचा रस्ता टाळत आल्या होत्या.

प्रयोगाला चार दिवस उरले होते. मावशी त्या रस्त्याने गेल्या.

दुकान होतं तिथेच होतं. खिडकीला लागून शिवणयंत्र, आणि त्यामागे शिंपी. ब्याऐंशीचा, वाळलेला, पण पाठ ताठ. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"माप वाढलं असेल आता," तो म्हणाला.

मावशींना हसावं की रागवावं ते कळेना. त्या स्टुलावर बसल्या.

"दादा, एक विचारायला आलेय. चौथ्या पडद्यातला हात. तुमचा. तो का जातो तिकडे?"

"जात नाही का आता?"

"नाही. परवापासून हरवलाय."

शिंप्याने यंत्रावरचा पाय काढला. तो खिडकीबाहेर बघू लागला. खाली फरशीचं अंगण होतं. कोणाच्या तरी दोन मोटरसायकली आणि मधोमध एक सिमेंटचा चौथरा.

"तिथे नळ होता," तो म्हणाला. "मला बाईचं काम दिलं तेव्हा मी बावीसचा होतो. शिकवणार कोण? थोरले साहेब म्हणाले, बघ आणि कर. मी दिवसभर इथे बसलेला, आणि अख्ख्या आळीच्या बायका नळावर. मी बघायचो. एक बाई होती, चार घरचे कपडे धुवायची. कोपरापर्यंत साबण. केस डोळ्यांवर आले तर बोटं लावणार कशी? मग असं." त्याने मनगट कपाळावरून नेलं. हात तंतोतंत चौथ्या पडद्यातलाच होता.

"म्हणून ओला हात," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही कोरड्याने करत बसलो."

"तुझी आई ती."

"कशावरून?" मावशी म्हणाल्या.

"माप द्यायला तुझी आत्या तुला घेऊन आली होती ना, तिनेच सांगितलं. नळावरच्या अमकीची मुलगी म्हणून."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. आणि सांगितलं असतं तर वाटलं असतं, याची जागा गेली म्हणून हा आता काहीतरी उकरून काढतोय. मग राहून गेलं."

मावशींच्या डोक्यात एकाच वेळी इतकं काही उठलं की त्यांनी भलतंच विचारलं.

"मग ती मान? तिसऱ्या पडद्यात बोलावतात तेव्हा आधी हनुवटी वळते आणि मग मान, तीही तिचीच?"

"तिचीच." शिंपी थांबला. "नाही. मान ढोलवाल्याच्या बायकोची."

"आणि हसताना खांदा येतो तो?"

"तो माझा असेल. की तिचा? थांब." त्याने डोळे मिटले. "तिला हसताना पाहिलं होतं मी. पण खांदा... साठ वर्षं झाली गं. आधी तिचं बघून केलं, मग माझंच बघून करत गेलो."

तो उठला. टेबलाचा आधार सोडून दोन पावलं पुढे आला, वाकला, नसलेली बादली उचलली आणि दुसरा हात बाजूला फेकून तोल सावरला. मावशी स्टुलाच्या कडेवर सरकल्या. ती बादली भरलेली होती, जड होती, कडीमुळे बोटं वळली होती. तो वळला, एक पाऊल टाकलं, आणि एकदम थांबला.

"इथून पुढे मी आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्या दिवशी मावशी घरी आल्या त्या रिकाम्या हातांनी की भरलेल्या, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. ज्या बाईची आठवण म्हणून एवढंसंही काही नव्हतं, ती त्रेचाळीस वर्षं त्यांच्या अंगावर होती. पण कुठे होती? हातात नक्की. खांद्यात कदाचित. बाकी ढोलवाल्याची बायको, शिंपी, आणखी कोण कोण. रात्रभर त्या एकेक हालचाल वेगळी काढू बघत होत्या, आणि डाळ-तांदूळ एकत्र सांडावेत तशी सगळी पुन्हा मिसळत होती.

तालमीत त्यांनी नातवाला एकच गोष्ट मागितली. बादलीत खरं पाणी.

"फळ्या निसरड्या होतील, मावशी. खाली बँडवाले बसतात."

"बसू देत. मी सांडणार नाही."

"त्याने हात येईल?"

"ते मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. नातवाला हे उत्तर नवीन होतं. त्याने पाणी दिलं.

रविवारी दुपारी चारला प्रयोग. शाळेचं सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे होते. गाण्यांवरून शेवटी ट्रम्पेटवाल्याचंच खरं झालं होतं, आणि खड्ड्यांच्या गाण्याला दोनदा वन्समोअर मिळाला. तिसरा पडदा संपताना मावशींनी विंगेतून पाहिलं. पुढून पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात ठेवून शिंपी बसला होता. त्रेचाळीस वर्षांनी.

चौथा पडदा उघडला. पाणी गार होतं. मावशींनी कपडा बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. मुलाच्या बुटांचा आवाज आला. त्या उभ्या राहिल्या. एवढं त्यांना नंतर आठवत होतं. त्यापुढचं आठवत होतं ते थेट पडदा पडतानाचं.

"मावशी," नातू विंगेत धावत आला. त्याचे डोळे ओले होते. "हात आला. नेमका आला. मी विचारायलाच नको होतं."

"आला?"

"आला म्हणजे? सभागृह कसं गप्प झालं, ऐकलं नाहीत?"

"हात नाही आला," पुटपुटे काका वहीतून डोकं काढून म्हणाले. "मी यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. यांनी दोन्ही हातांत ओला कपडा धरून ठेवला होता आणि तसंच विचारलं."

"काका, तुम्ही वहीत बघत होता."

"यांना वाक्य पुरवायला मला वही कशाला लागते?"

मुलाचं काम करणारा नट म्हणाला, त्या समोर होत्या खऱ्या, पण आपण चेहऱ्याकडेच बघत होतो. नातवाची आणि काकांची तिथेच जुंपली. मावशींनी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ ओलं होतं, पण ते घामानेही झालं असेल. मग पाचव्या पडद्याची घंटा झाली.

प्रयोग सुटला तेव्हा अजून उजेड होता. शिंपी फाटकापाशी एकटा उभा होता, गर्दी ओसरायची वाट बघत. मावशी तोंडावरचा रंग अर्धामुर्धा पुसून तशाच बाहेर आल्या. त्याने त्यांना पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"दादा, चौथ्या पडद्याचं काही सांगू नका," मावशी म्हणाल्या. "आला की नाही, ते नका सांगू."

"बरं."

दोघे सावकाश बसथांब्याकडे निघाले. काठीचा ठक ठक आवाज तेवढा होत होता. थांब्यावर कोणी नव्हतं.

"दुसरं सांगा," मावशी म्हणाल्या. "तुम्ही तिचं काय नाही घेतलंत?"

"म्हणजे?"

"नाटकात घातलं नाही, असं. बघितलंत, पण घेतलं नाही."

एक बस आली. ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं, दोघांपैकी कोणी हललं नाही, तशी ती निघून गेली.

"कपडे धुऊन झाले, बादली भरली, की ती उभी राहायची," शिंपी म्हणाला. "नुसती. कोणाची वाट बघत नाही, कुठे बघत नाही. पाच-पाच मिनिटं. मग उचलायची बादली आणि जायची."

"ते का नाही घेतलं?"

"रंगमंचावर नुसतं उभं कसं राहणार? लोक खोकायला लागतात."

मावशींनी मान हलवली. हातातली पिशवी त्यांनी पायाशी ठेवली. समोरच्या दुकानांत एकेक दिवा लागत होता. दुसरी बस लांबून येताना दिसली, शिंप्याने काठी सावरली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

त्या नुसत्या उभ्या होत्या. त्याने बसला हात केला नाही.